पुढे रस्ता बंद आहे

(पुणे परिसरातल्या वस्ती-गटांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



शिबिराच्या पत्रिकेत माझ्या सत्राचं नाव 'शहराची वाढ आणि रस्ते' असं छापलं आहे. ते वाचून सकाळी चहाच्या वेळी एकजण मला म्हणाली, "ताई, रेशन, मारहाण, घरकामगारांची नोंदणी एवढं सगळं पडलंय आणि तुम्ही रस्त्यांचं काय घेऊन बसलात? ते नगरसेवक बघतील की." त्यावर शेजारची म्हणाली, "अगं, आपण तर कायमच रस्त्यावर!" सगळ्या हसल्या. पण पहिलीचा प्रश्न रास्त आहे. माझा आजचा सगळा वेळ त्याचंच उत्तर देण्यात जाणार आहे.

आधी एक सांगते. मी खड्ड्यांबद्दल बोलणार नाही. खड्डा दिसतो, त्यात पाय मुरगळतो, त्याचा फोटो पेपरात येतो, निवडणुकीच्या आधी तो बुजतोही. मी बोलणार आहे ते एक रस्ता दुसऱ्याला कुठे मिळतो आणि कुठे मिळत नाही, याबद्दल. जो रस्ता झालाच नाही त्याचा फोटो कसा काढणार? पण तो नसल्याची किंमत रोज कुणीतरी पायांनी चुकती करत असतं, आणि ते कुणीतरी बहुतेक वेळा बाई असते.

काल रात्री जेवणानंतर आपण या हॉलच्या फरशीवर रांगोळीनं नकाशे काढले. घर, कामाचं ठिकाण, शाळा, रेशनचं दुकान, बसथांबा अशा पाच खुणा मांडायच्या आणि रोज ज्या वाटेनं आपण जातो ती वाट ओढायची, एवढंच सांगितलं होतं. कसबा आणि भवानी पेठेतल्या मैत्रिणींच्या रांगोळ्या कोळ्याच्या जाळ्यासारख्या झाल्या. कुठूनही निघा, दोन-तीन वाटांनी पोचता येतं. धायरी आणि वाघोलीच्या मैत्रिणींच्या रांगोळ्या मात्र फणीसारख्या होत्या. एक जाड दांडा म्हणजे हमरस्ता, त्याला लागून दात म्हणजे गल्ल्या, आणि दात एकमेकांना कुठेच मिळत नाहीत. शेजारच्या गल्लीत राहणाऱ्या बहिणीकडे जायचं तर आपली गल्ली उतरून हमरस्त्याला यायचं, हमरस्त्यानं थोडं चालायचं आणि परत तिची गल्ली चढायची. घराच्या गच्चीवरून बहीण हाताच्या अंतरावर दिसते. चालत जायला वीस मिनिटं.

रस्त्यांचा अभ्यास करणारे लोक हेच मोजतात, फक्त त्यांच्या हातात रांगोळी नसते. ते बघतात की या भागात चौक किती, तिठे किती आणि बंद टोकं किती. चौक जास्त असले की भाग जोडलेला, बंद टोकं जास्त असली की तुटलेला. दुसरी गोष्ट ते बघतात ती म्हणजे दोन जागांमधलं पक्ष्याचं अंतर आणि माणसाचं अंतर. पक्षी सरळ उडतो. माणसाला वळसा पडतो. तो वळसा दीडपट, दुप्पट की पाचपट, यावरून त्या वस्तीची प्रकृती कळते. शहर नुसतं पसरलं म्हणून अंतर वाढतं असं नाही. लांबलचक शहरही नीट जोडलेलं असू शकतं, आणि टीचभर उपनगरही असं तुटलेलं असतं की समोरचं दुकान गाठायला रिक्षा करावी लागते.

आता आपल्याकडे हे कसं झालं ते पाहू. जुन्या पुण्याच्या पेठा कुणा इंजिनियरनं आखल्या नव्हत्या, तरी त्यांतल्या बऱ्याच रस्त्यांना रस्ते मिळत गेले. बोळ होते, आळ्या होत्या, काही वाड्यांना तर पुढून शिरून मागून बाहेर पडण्याची सोय होती. त्या पेठांचे गोडवे गायला मी उभी नाही. तांबट आळी, बुरूड आळी ही नावंच सांगतात की कोण कुठे राहणार हे जातीनं ठरवलेलं होतं. अस्पृश्यांना पाणी मिळावं म्हणून जोतिराव फुल्यांना १८६८ साली स्वतःच्या घरचा हौद खुला करावा लागला तो याच शहरात. तेव्हा रस्ता जोडलेला असणं आणि तो सगळ्यांचा असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मनात पक्कं ठेवून पुढे जाऊ.

त्यानंतर आखलेली शहरं आली. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली, त्यातून १८९८ मध्ये तिथे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दादर-माटुंग्याची आखणी त्या ट्रस्टची. आधी रस्ते आखले, मग प्लॉट पाडले. हिंदू कॉलनी, पारसी कॉलनीतून चालून बघा, गल्ली गल्लीला मिळते. १९१५ साली मुंबई इलाख्यात नगररचनेचा कायदा झाला. त्यात एक चांगली पद्धत होती. भागातल्या सगळ्या मालकांच्या जमिनी कागदावर एकत्र करायच्या, त्यांतून रस्ते, शाळा, मैदान यांची जागा काढायची आणि उरलेल्या जमिनीचे नीट आकाराचे प्लॉट ज्याचे त्याला परत द्यायचे. शिवाजीनगरचा, म्हणजे तेव्हाच्या भांबुर्ड्याचा, काही भाग अशा योजनेतून झाला. गुजरातनं, विशेषतः अहमदाबादनं, ही पद्धत पुढेही मोठ्या प्रमाणावर चालू ठेवली. महाराष्ट्रात १९६६ च्या नगररचना कायद्यानंतर भर राहिला तो विकास आराखड्यावर. आराखड्यात मोठे रस्ते दाखवतात. दोन मोठ्या रस्त्यांच्या मधल्या शेतात काय होणार, कोणती गल्ली कुणाला मिळणार, ते ज्याच्या-त्याच्या मालकावर सोडून दिलेलं असतं.

आणि आराखडाही वेळेवर येत नाही. पुणे महापालिकेत १९९७ साली आजूबाजूची गावं घेतली, त्यांतली काही पुढे वगळली आणि २३ राहिली. त्या २३ गावांचा आराखडा पूर्णपणे मार्गी लागायला दहा वर्षांहून अधिक काळ गेला. तोवर लोक काय जमिनीकडे बघत बसले होते? इमारती उभ्या राहिल्या. नंतर २०१७ मध्ये ११ गावं आली, २०२१ मध्ये आणखी २३ आली आणि पुणे महापालिका क्षेत्रफळात मुंबईलाही मागे टाकून राज्यात सर्वांत मोठी झाली. पेपरांनी ही बातमी कौतुकानं छापली. पुढे त्यातली उरुळी देवाची आणि फुरसुंगी बाहेर काढून त्यांची वेगळी नगरपरिषद केली ती गोष्ट निराळी. मुद्दा असा की प्रत्येक वेळी घरं आधी आली, हद्द नंतर आली आणि आराखडा सगळ्यांत शेवटी आला.

आता त्या मधल्या शेतात काय होतं ते नीट समजून घ्या, कारण सगळी गोम तिथे आहे. शेताची वाटणी पिढ्यान्‌पिढ्या होत गेली की पट्ट्या पडतात. अरुंद आणि लांब. एकेक पट्टी एकेका भावाची. (बहिणीची क्वचितच, तिच्याकडून हक्कसोडपत्र घेतलेलं असतं. त्यावर उद्या वेगळं सत्र आहे.) त्या भावानं पट्टीच्या मधून पंधरा-वीस फुटांचा रस्ता सोडला, दोन्ही बाजूंना गुंठा-गुंठा पाडला आणि विकला. रस्ता कुठे संपतो? पट्टी संपते तिथे, दुसऱ्याच्या बांधाशी. शेजारच्यानं आपल्या पट्टीत तेच केलं. दोघांनी मिळून एक रस्ता आडवा काढला असता तर दोन्हीकडच्या लोकांचं भलं झालं असतं. पण आडव्या रस्त्याला जागा जाते, जागा म्हणजे पैसे, आणि दोघा भावांचं बोलणं बहुधा कोर्टातच होतं.

कायद्याचा भागही गमतीचा आहे. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यानं शेतीचा फार लहान तुकडा विकायला बंदी होती. म्हणून विक्री थांबली नाही, ती नोटरीच्या कागदावर गेली. मंजुरीच मागायची नाही म्हटल्यावर रस्ता कुठे सोडा, किती रुंद सोडा, पुढच्याशी जोडा, हे सांगणारं कुणी उरत नाही. मग २००१ साली गुंठेवारीचा कायदा झाला आणि जे झालं ते दंड भरून नियमित करायची सोय आली. २०२१ मध्ये ती मुदत वाढवून २०२० अखेरपर्यंतची बांधकामं त्यात घेतली. गरिबांची घरं वाचली, हे चांगलंच झालं आणि त्यासाठी आपणही मोर्चे काढले. पण घराबरोबर ती बंद गल्लीही कायमची झाली.

गुंठेवारी ही झाली गरिबाची आणि निम्न-मध्यमवर्गाची बंद गल्ली. श्रीमंतांचीही असते. तिला कमान असते, कमानीवर इंग्रजी नाव असतं आणि वॉचमन असतो. दहा-वीस एकर एकगठ्ठा घेतले, चारी बाजूंनी भिंत घातली आणि आत रस्ते, बाग, पोहण्याचा तलाव. आतले रस्ते गुळगुळीत असतात, पण ते बाहेर कुठेही उघडत नाहीत. अशा तीन-चार सोसायट्या एकीला एक लागून आल्या की मधे गल्ली राहत नाही, भिंतींची खिंड राहते. गरीब गल्ली शेजाऱ्याच्या बांधामुळे बंद पडली, श्रीमंत गल्ली हौसेनं बंद केली. पायी चालणारीला दोन्हींचा वळसा सारखाच.

हे पुण्यापुरतं नाही. क्रिस्टोफर बॅरिंग्टन-ली आणि ॲडम मिलार्ड-बॉल या दोघा संशोधकांनी आधी अमेरिकेचा आणि मग साऱ्या जगाचा या दृष्टीनं अभ्यास केला. अमेरिकेबद्दलचं त्यांचं म्हणणं २०१५ मध्ये प्रसिद्ध झालं. तिथे विसाव्या शतकात नवे रस्ते अधिकाधिक तुटक होत गेले, साधारण १९९४ च्या सुमारास ते टोकाला पोचलं आणि मग नव्या वस्त्या पुन्हा थोड्या जोडलेल्या होऊ लागल्या. २०२० मध्ये त्यांनी जगाचं चित्र मांडलं. जगाच्या पुष्कळ भागांत नवे रस्ते आधीच्यापेक्षा जास्त तुटक होत चालले आहेत आणि कुंपणातल्या वसाहती त्यात भर घालताहेत. म्हणजे मोटारींच्या देशानं ज्या घोडचुकीतून पाय मागे घ्यायला सुरुवात केली, तीत आपण वाजतगाजत शिरलो. त्यांच्या अभ्यासात मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट दुसरीच आहे. इमारत पडते, नवी बांधता येते. रस्त्याची आखणी एकदा झाली की बदलत नाही. दोन्ही बाजूंना मालकी तयार होते, मग एक फूटही कुणी सोडत नाही. आज वाघोलीत जी गल्ली बंद राहील ती आपल्या नातींनाही बंदच मिळेल. आणि एक आशेची बाब त्यांनी नोंदवली आहे. जर्मनी, डेन्मार्क, इंग्लंड इथे बऱ्याच ठिकाणी मोटारीचा रस्ता संपतो, पण पायवाट आणि सायकलची वाट पुढे जाते. गाडीला बंद आणि माणसाला उघडं, असंही करता येतं. हे लक्षात ठेवा, शेवटी उपयोगी पडेल.

आता आपल्या सकाळच्या मैत्रिणीच्या प्रश्नाकडे येते. हे बायकांचं काम का?

साधा हिशेब करा. धुणीभांडी करणारी बाई तासाला चार किलोमीटर चालते असं धरू. हातात पोर असलं तर तेवढंही नाही. बंद गल्लीपायी तिला जाताना वीस आणि येताना वीस मिनिटं जास्त लागली, तर महिन्याच्या सव्वीस दिवसांत सतरा तासांहून अधिक होतात. आठ तासांचा दिवस धरला तर महिन्यात दोन दिवस ती नुसती भिंतीला वळसा घालण्यात घालवते. त्या दोन दिवसांचा पगार तिला कोण देतं? हा वेळ घरमालकिणीच्या हिशेबात नाही, बिल्डरच्या नाही, पालिकेच्याही नाही. आपण इतकी वर्षं सांगतो आहोत की बाईचं घरातलं काम मोजलं जात नाही. तिचं चालणंही मोजलं जात नाही.

पुरुषाचं येणंजाणं बहुतेक घर ते काम, काम ते घर. बाईचं तसं नसतं. पोराला अंगणवाडीत सोड, मग पहिलं घर, मग दुसरं घर, येताना रॉकेलच्या जागी आता गॅसचा नंबर, भाजी, सासूची गोळी. सहा छोट्या फेऱ्या. तुटलेल्या रस्त्यांवर या प्रत्येक छोट्या फेरीला हमरस्ता गाठावा लागतो. आणि हमरस्त्यावर काय आहे ते सांगायला नको. नऱ्हे-आंबेगावच्या बाजूला राहणाऱ्या मैत्रिणींना विचारा, नवले पुलाजवळच्या महामार्गावर किती अपघात वाचले आणि किती पाहिले. पाच मिनिटांची वाट महामार्गावरून नेली की घरातले मुलीला म्हणतात, कशाला जातेस? मग मुलगी जात नाही. २०१९ साली देशात वेळेच्या वापराची मोठी पाहणी झाली. तिच्या आकड्यांवरून दिसतं की शहरांतल्या निम्म्याहून अधिक स्त्रिया पाहणीच्या त्या दिवशी घराबाहेर पडल्याच नव्हत्या. पुरुषांत घरात राहिलेला असा साधारण सातांतला एक. याला कारणं पुष्कळ आहेत, रस्ता हे त्यांतलं एकच. पण ज्या घरात बाईनं बाहेर पडायला आधीच कारण द्यावं लागतं, तिथे लांबचा रस्ता हे तिला घरात ठेवायचं आयतं कारण होतं.

बसचंही तेच. बस बंद गल्लीत शिरू शकत नाही, वळायला जागा नसते. मग ती हमरस्त्यानंच जाते आणि थांबा राहतो एक-दीड किलोमीटरवर. महिलांसाठी 'तेजस्विनी' गाड्या सोडल्या, छान केलं. पण गाडीपर्यंत पोचायचं कसं?

आणखी एक नुकसान आहे, ते संघटनेचं. १९८० साली पुण्यात मोलकरणींनी उत्स्फूर्त संप केला होता. आपल्यातल्या जुन्या मैत्रिणी त्याच्या गोष्टी सांगतात. तोवर घरकामगार बाई संप करू शकते हेच कुणाला पटत नव्हतं. २००८ मध्ये घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला, त्याच्या मागे अशा लढ्यांचं बळ होतं. त्या काळी बाया कामाला जायच्या त्या बंगल्यांच्या आणि चाळींच्या गल्ल्यांतून. कोपऱ्यावर चौघी भेटायच्या, कुणाचा पगार कापला हे दहा मिनिटांत साऱ्या आळीला कळायचं. आज दोन हजार फ्लॅटच्या वसाहतीत कामाला जाणारी बाई गेटवर कार्ड दाखवते, पिशवी उघडून दाखवते, नोकरांच्या लिफ्टनं वर जाते आणि तशीच बाहेर येते. तिला कोपराच उरला नाही. आणि आपल्यासारखीला पत्रक वाटायला आत सोडत नाहीत. मोबाइलच्या ग्रुपवर निरोप जातो हे खरं. पण ग्रुपवर नवी बाई जोडली जाते ती आधी कुणीतरी तिला कोपऱ्यावर भेटल्यामुळेच.

आमच्या भागातला एक प्रसंग सांगते. गावाचं नाव घेत नाही, कारण मामला अजून मिटलेला नाही. पूर्वेकडच्या एका उपनगरात वस्ती आणि तिच्या मागे उंच इमारतींची सोसायटी आहे. पूर्वी तिथे शेत होतं आणि शेतातून पायवाट होती. सोसायटीची भिंत आली तेव्हा वाट बुजली. कुणीतरी रात्रीतून भिंतीत खिंडार पाडलं. पुढची तीन-चार वर्षं सगळे त्यातूनच जात. स्वयंपाकाच्या बाया, शाळेच्या मुली, अंगणवाडीची सेविका, इस्त्रीवाला. सोसायटीतल्या आज्यासुद्धा त्यातूनच इकडच्या भाजीवाल्याकडे यायच्या, पदर खोचून, जरा वाकून. मग सोसायटीत एक सायकल चोरीला गेली. आधी पत्रा लागला, मग पक्कं बांधकाम झालं. चार मिनिटांचं अंतर पंचवीस मिनिटांवर गेलं.

आम्ही भांडण न करता बैठक मागितली. ती मिळायला तीन महिने लागले. समितीत सगळे पुरुष होते, पण बैठकीला सोसायटीतल्या बायका मोठ्या संख्येनं आल्या. त्यांतली एक तरुण मुलगी, आयटीत काम करणारी, उभी राहून म्हणाली, "मी रात्री अकराला कॅबनं येते. ही भिंत आहे म्हणून मला झोप लागते." ती खोटं बोलत नव्हती. तिची भीती खरी होती, आणि बाईच्या भीतीला हसणं आपल्या तत्त्वात बसत नाही. आमच्यातली एक, जिला सहीसुद्धा आत्ता आत्ता यायला लागली आहे, ती तिला म्हणाली, "ताई, तुमची गाडी गेटात थांबते. आम्हाला ती भिंत हायवेला उतरवते. तुम्ही अकराला घरात असता, आम्ही आठला अंधारात असतो." बराच वेळ कुणी बोललं नाही. मग सोसायटीतल्या एका आजींनी सांगितलं की खिंडार बुजल्यापासून त्यांचं खाली उतरणंच थांबलंय.

निघालं ते अर्धवटच. भिंतीत एक छोटं गेट झालं. सकाळी सहा ते दहा आणि संध्याकाळी चार ते आठ उघडं, फोटोचा पास असलेल्यांनाच प्रवेश. आपल्यातल्या काही जणी म्हणाल्या, विजय झाला. मला तसं वाटत नाही. जी वाट कुणाच्याही परवानगीशिवाय वापरात होती ती आता पासावर आली. आठनंतर क्लासहून येणाऱ्या मुली अजून हायवेनंच येतात. पण सकाळच्या बायांचे महिन्याचे ते तास परत मिळाले, तेही मी कमी लेखणार नाही.

सुरक्षिततेबद्दल दोन शब्द. जेन जेकब्स या अमेरिकन लेखिकेनं १९६१ मध्येच मांडलं होतं की रस्ता सुरक्षित राहतो तो त्यावर येणाऱ्या-जाणाऱ्यांमुळे, दुकानांमुळे, खिडकीतून बघणाऱ्यांमुळे, आणि त्यासाठी गल्ल्या आखूड आणि वारंवार मिळणाऱ्या हव्यात. आपल्याकडे शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी २०११ मध्ये मुंबईबद्दलच्या पुस्तकात बाईच्या विनाकारण बाहेर रेंगाळण्याच्या हक्काची बाजू मांडली. दोन्ही मला पटतात. पण वर्दळ म्हणजे आपोआप सुरक्षा, असं मी म्हणणार नाही. सावित्रीबाई शाळेत जायच्या तेव्हा शेणाचे गोळे झेलावे लागले ते याच जोडलेल्या, भरलेल्या पेठांतून, आणि बघणारे डोळे तेव्हाही पुष्कळ होते. रस्ता जोडला की लढाई जिंकली असं नव्हे. पण दोन भिंतींमधल्या निर्जन खिंडीत, जिथे पुढे वाट नाही आणि मागे कुणी उभं आहे, तिथे तर लढायलाही जागा नसते. दुसऱ्या वाटेनं निसटता येणं ही बाईसाठी लहान गोष्ट नाही.

आता करायचं काय ते सांगते आणि थांबते.

पहिलं, गावनकाशा मिळवा. भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज केला की प्रत मिळते. त्यात गाडीवाट दुहेरी तुटक रेषेनं दाखवतात आणि पायवाट एकेरी तुटक रेषेनं. आम्ही आमच्या भिंतीची जागा त्या नकाशावर शोधली तर ती एकेरी तुटक रेषा नेमकी तिथूनच गेली होती. तो कागद जोडून केलेला अर्ज अजून पडून आहे, पण कागद आहे म्हणून अर्ज तरी आहे. ज्या गावांत अजून शेती आहे तिथे तर आत्ताच हालचाल करा. जमीन महसूल संहितेच्या १४३ व्या कलमानं बांधावरून रस्ता मागता येतो, अडवलेली वहिवाट खुली करायला १९०६ चा मामलेदार न्यायालयांचा कायदा आहे, आणि २०२५ मध्ये शासनानं शेतरस्त्यांची नोंद सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' सदरात घ्यायला सांगितलं आहे. शेती गेल्यावर या वाटा कुणालाच आठवत नाहीत. म्हाताऱ्या बायांना आठवतात, त्यांना नकाशा दाखवायला बसवा.

दुसरं, माहितीच्या अधिकारात सोसायटीचा मंजूर नकाशा मागा. आतला म्हणून जो रस्ता बंद केलेला असतो तो पुष्कळदा विकास आराखड्यातला सार्वजनिक रस्ता निघतो. शिवाय राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत शेजारच्या जमिनींतल्या रस्त्यांशी मेळ घालण्याची तरतूद आहे. तरतूद कागदावर आहे, तिच्यावर बोट ठेवणारं कुणी नाही. मागणी मोजकी ठेवा. गाडीला नका सोडू, पायी चालणारीला सोडा. सहा फुटांची वाट, दोन दिवे.

तिसरं, नव्या गावांच्या आराखड्यांवर हरकती-सूचना मागवतात तेव्हा मुदत थोडी असते आणि भाषा कळेल अशी नसते. पुण्याच्या जुन्या हद्दीच्या आराखड्यावर २०१३ मध्ये ऐंशी हजारांहून अधिक हरकती आल्या होत्या. त्यांत आरक्षणं होती, टेकड्या होत्या, मेट्रोलगतचं जादा बांधकाम होतं. पायवाटांसाठी आपण अजून गठ्ठ्यानं कधी अर्ज केलेले नाहीत. अर्जाचा नमुना मी आणला आहे. मराठीत आहे, एका पानाचा, खाली वळसा किती मिनिटांचा हे लिहायला मोकळी जागा ठेवली आहे. मागच्या टेबलावर दोनशे प्रती आहेत. प्रत्येकीनं दहा न्या, आणि भरताना मिनिटं अंदाजानं लिहू नका. घड्याळ लावून एकदा चालून बघा.